मधला माणूस

३ ऑक्टोबर १९४५, तोयामा

काम मिळालं एकदाचं! नगरपालिकेला बाँबहल्ल्यात जळालेल्या शहराचे फोटो हवेत, गल्लीवार. मी लग्नांचे फोटो काढणारा. साहेब म्हणाले, इथं कुणाला हसा म्हणायला नको, तुला सोपंच आहे. माणूस फटकळ, पण खरं बोलला. नदीपलीकडे ताने आजींकडे खोली मिळाली. कपाटात अंधार करून फिल्म धुता येते. रताळ्याची लापशी चांगली होती.

आमची गल्ली सगळ्यांत शेवटी करणार. बायको शिझू आणि लेक मित्सू तिथंच जळून गेल्या, मी सैन्यात असताना. मी फोटोवाला, आणि त्यांचा एकही फोटो उरला नाही. दिव्याखाली अंधार. मित्सूचा चेहरा हल्ली नीट आठवत नाही, जीव तुटतो.

८ ऑक्टोबर

टोफूवाल्या कियोबाई राखेत एकट्या उभ्या होत्या. म्हणाल्या, माझाही काढ रे, दुकान माझंच आहे. फिल्म धुतली तर त्यांच्या एका बाजूला नवरा, दुसरीकडे मुलगा. दोघंही आगीत गेलेले. मी पुन्हा छापून पाहिला, तेच. बाई मात्र फोटो उराशी धरून रडल्या, तुझे उपकार कसे फेडू म्हणाल्या.

११ ऑक्टोबर

कियोबाई झोपेतच गेल्या. आज मुरोई न्हावी. त्याच्याही फोटोत दोन्ही बाजूंना मेलेल्या मुली आल्या होत्या.

आजींना सांगितलं. भाजी चिरायची थांबवून त्यांनी विचारलं, मधे कोण होतं?

तिघांच्या फोटोत मधला आधी मरतो, हे इथं शेंबडं पोरही जाणतं. म्हणून तर स्टुडिओत तिघं आले की चौथी म्हणून बाहुली ठेवायचो. पण मी एकट्या माणसाचा फोटो काढत होतो. बाहुली सुचणार कशी?

१३ ऑक्टोबर

आजींनी चिंध्यांची बाहुली शिवून दिली. म्हणाल्या, तुझ्या गल्लीत फोटोला उभा राहशीलच, तेव्हा ही शेजारी ठेव, नाहीतर तुला जेवायला वाढायची नाही मी.

१४ ऑक्टोबर

आमच्या उंबऱ्याचा दगड ओळखला. कॅमेऱ्याच्या बटणाला दोरी बांधली, उभा राहिलो. बाहुली खोलीवरच ठेवली होती. आम्ही घरात तिघंच होतो. चौथं कशाला —

१५ ऑक्टोबर

मित्सूच्या गालावर तीळ होता. विसरलोच होतो. डावीकडे ती, उजवीकडे शिझू.

आजींना बाहुली सापडली. दाराबाहेर रडताहेत, हाका मारताहेत — उठवत नाही —

कुणीतरी बोट धरलंय. इवलासा हात, उबदार. शिझू, अगं तिला सांग, बाबांना एवढी ओळ पुरी करू —