तिसऱ्या हाकेपर्यंत

१ जानेवारी, बुधवार
कपाटाच्या तळाशी साखर कारखान्याची २०१४ सालची कोरी डायरी सापडली. यंदाच्या कॅलेंडरशेजारी धरून पाहिली तर सगळे वार जसेच्या तसे जुळतात. अकरा वर्षं जपून ठेवली त्याचं सार्थक झालं. हे म्हणाले, "वार जुनं, तारखा जुन्या, लिहिणारी बी जुनीच." लक्ष दिलं नाही. फौजेतून रिटायर झालेल्या हवालदाराला चेष्टेशिवाय दुसरी ड्यूटी नसते.

संकल्प: शिवतेजला पाडव्याच्या आत नोकरी. तोवर माझ्या चहात साखर बंद. आणि शेजारच्या राहीबाईंपाशी या विषयावर एक शब्द काढायचा नाही.

शिवतेज आमचा एकुलता. जर्मनीत इंजिनिअरिंगचं वरचं शिक्षण पुरं केलं. आता पाठीला सॅक लावून या शहरातून त्या शहरात नोकरी बघत फिरतोय. निळी सॅक. साताऱ्यात मीच घासाघीस करून घेतली होती. दुकानदार म्हणाला होता, कुठंही जाऊ दे, काही होणार नाही. सॅकचं म्हणत होता.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
तिसरा संकल्प मोडला. माझ्याकडून नाही. राहीबाईंनीच वाण घेता घेता सगळ्या बायकांत विचारलं, "मंगल, लागली का गं पोराला नोकरी?" म्हटलं, निवड चाललीय. कोण कुणाला निवडतंय ते बोलले नाही. कंपन्याच त्याला शहरं दाखवत फिरवतात, पसंत पडेल तिथं राहा म्हणतात, एवढं मात्र बोलून गेले. तिळगूळ हातात असताना निघालेला शब्द खोटा धरत नाहीत, असं माझं मत आहे.

संध्याकाळी त्याचा फोन. एका खोलीत आठ जण झोपतात. हॉस्टेल म्हणाला. म्हणजे अजून विद्यार्थ्याचाच मान आहे.

२३ जानेवारी, गुरुवार
काल, बुधवारी, हॅम्बुर्गला मुलाखत होती. पोरगं म्युनिकला. त्याच्या शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात बघितलं, हॅम्बुर्ग सरळ वर उत्तरेला. मंगळवारी-बुधवारी उत्तरेला दिशाशूल. निक्षून सांगितलं, सोमवारीच नीघ. निघाला बिचारा. पण तिथली खोली बुधवारपासूनची, त्यामुळं आधीच्या रात्री स्टेशनावर काढल्या. मुलाखतीत डोळा लागला म्हणे.

मी म्हटलं, झोप लागते ती निश्चिंत माणसाला, साहेबाला पारख नाही. फोनमधून नुसती आगगाडीची घोषणा ऐकू येत राहिली. बाईचा आवाज गोड होता.

१० फेब्रुवारी, सोमवार
आता लाइपझिगला आहे. व्हिसा महिनाअखेरीस संपतो म्हणाला. मी म्हटलं, रेशनकार्डासारखं असेल, अर्ज केला की वाढवून देतात. तो म्हणाला, "न्हाई वाढत आई." मग विचारलं, "तसाच घरी आलो तर?"

मी त्याला नवस सांगितला. म्हसवडला सिद्धनाथापुढं बोलून आलेय: नोकरीचा कागद देवाच्या पायावर ठेवल्याशिवाय ती सॅक माझा उंबरा ओलांडणार नाही. देवापुढं बोललेलं आता मागं कसं घेणार? आणि राहीबाईंना काय सांगू, शहरं पसंत पडली नाहीत म्हणून?

"बरं," म्हणाला. नेटवर्क गेलं. तिकडं बर्फामुळं जातं.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र
व्हिडिओ कॉल बंद झाले. मोबाईलचा कॅमेरा बिघडला म्हणे. सकाळी सहाला फोन आला. तिकडं तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली. आईसाठी जागतो. त्याच्या मागं रिक्षाचा हॉर्न वाजला. जर्मनीनंही शेवटी रिक्षा घेतल्या. चांगली वस्तू जगात कुठंही पोचते.

४ मार्च, मंगळवार
ह्यांचा गुडघा धरलाय. सांगलीला डॉक्टर शोधलाय. दर मंगळवारी जायचं ठरलं. सोबत डबा न्यायचा, बाहेरचं सोसत नाही. चार भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. चार कशाला म्हटलं, तर म्हणाले, "दुखणाऱ्या माणसाला लय भूक लागती."

संध्याकाळी आले. सदऱ्याच्या बाहीवर हळद. डॉक्टर हळदीचा लेप देतो म्हणे. असा डॉक्टर पाहिजे. इंजेक्शन नाही, गोळ्या नाहीत. गुडघा मात्र तसाच आहे. लेप सदऱ्याला जास्त लागतोय.

१८ मार्च, मंगळवार
आज अक्षर बिघडेल.

बांगड्यावाल्या जरिनाभाभी आल्या होत्या. माल भरायला त्या सांगलीला जातात. माझ्या मनगटावरून बांगडी सरकवता सरकवता म्हणाल्या, "वैनी, शिवतेज आला व्हय? मार्केट यार्डापाशी दिसला. पाठीवर निळी पिशवी. हाक मारली तर मान खाली घालून गेला बगा. वाळलाय लय. आणि हात कोपरापातुर पिवळं धमक."

बांगडी फुटली. त्यांनी पैसे घेतले नाहीत. एरवी मला बरं वाटलं असतं.

माझ्या माहेरी म्हसवडला माझा चुलता असाच दिसला होता. फौजेत, सरहद्दीवर होता. भर दुपारी विहिरीच्या काठावर उभा. माझ्या आत्यानं बघितला, जेवायला ये म्हणाली, तो नुसता बघत राहिला. चार दिवसांनी तार आली. तो गेला त्याच दुपारी.

परमुलखातलं माणूस इथं दिसायला लागलं, की तिकडं त्याचं काहीतरी झालेलं असतं.

ह्यांना सांगितलं नाही. त्यांना गुडघ्याचा त्रास पुरे आहे.

२० मार्च, गुरुवार
परवा लगेच त्याला फोन लावला होता. उचलला. "बरा हाय मी, आई." पण आवाज फार जवळून आला. परसातून बोलल्यासारखा. जर्मनीतून इतका जवळचा आवाज येत नाही. आधी यायचा तेव्हा मध्ये समुद्र ऐकू यायचा.

विचारलं, कुठं आहेस? म्हणाला, ड्रेस्डेन.

नकाशात ड्रेस्डेनवर बोट ठेवून बसले. कागद गार लागला.

समोरचा ऊस तुटून गेलाय. दारातून थेट रस्त्यापर्यंत मोकळं दिसतं. इतकी वर्षं या दिवसांत रान मोकळं झालं की बरं वाटायचं. आता दाराकडं पाठ करून भाकरी थापते. कुत्रं सारखं रस्त्याकडं बघून शेपूट हलवतं, आणि रस्त्यावर कोणीच नसतं.

२४ मार्च, सोमवार
उपाय: उंबऱ्याला बिब्बा. फाटकाला लिंबू-मिरची. सिद्धनाथाचा अंगारा त्याच्या उशीखाली. उशी इकडची, पण त्याचीच.

जेवताना त्याचं ताट वाढून ठेवते आणि नंतर मीच खाते. वाया जाऊ नये. वजन वाढलंय. दुःखात माणूस वाळतो म्हणतात. माझ्या बाबतीत तसं काही दिसत नाही.

राहीबाई म्हणाल्या, "चेहरा का उतरलाय गं?" म्हटलं, शिवतेजला तीन कंपन्यांतून बोलावणं आलंय, कुठली घ्यावी याची काळजी.

२९ मार्च, शनिवार. अमावास्या
हे पेन्शनच्या कामाला साताऱ्याला. मी एकटी. भर बाराची वेळ. दार आतून लावून गहू निवडत होते.

फाटकापाशी हाक आली. "आई."

त्याचाच आवाज.

तीन हाका झाल्याशिवाय ओ द्यायची नाही. भूतखेत असलं तर ते तिसरी हाक मारत नाही. हे मी शिवतेजला तो चालायला लागला तेव्हापासून शिकवलंय. शाळेतून आला तरी बाहेरून तीनदा ओरडायचा, मग मी कडी काढायची. आख्ख्या आळीला कळायचं.

मी अंगारा मुठीत धरला. कुत्रं भुंकलं नाही. कुईकुई करत फाटकाकडं पळालं.

"आई."

दुसरी हाक पहिलीपेक्षा हळू होती.

मी तिसरीची वाट बघत राहिले. देवाची शपथ, वाट बघत राहिले. कडीवर हात ठेवून उभी होते. एकदा आणखी ये, मनातल्या मनात म्हणत होते, एकदाच. उसाचं वाळलेलं पाचट तेवढं वाजत होतं.

तिसरी आली नाही.

फटीतून बघितलं. रस्त्यानं पाठमोरं चाललं होतं. निळी सॅक. डावा खांदा थोडा पडलेला, त्याचा पडतो तसा.

मग मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका आला नाही, म्हणजे बाधा जबर. बाहेर जाऊन पाहिलं, तर फाटकाच्या कडीवर पिवळी बोटं उठलेली. पाच. पुसायला फडकं आणलं आणि पुसलं नाही.

दिवे लागेपर्यंत विचार केला. हळदीची बोटं अशुभ कशी असतील? त्याला लवकरच हळद लागणार, हेच देवानं दाखवलं असणार. नोकरी आणि लग्न एकदमच. हे लिहून ठेवते म्हणजे पटेल.

३० मार्च, रविवार. पाडवा
गुढी उभारली. पुरणपोळ्या केल्या. पहिल्या संकल्पाची मुदत आज संपली. पाडवा तिकडं साडेतीन तास उशिरा लागत असेल. तेवढी सवलत धरली.

ह्यांनी फाटकाच्या कडीकडं बराच वेळ बघितलं. "काल कोण आलं हुतं?" म्हटलं, कोणी नाही. खोटं बोलले नाही. मी दार उघडलंच नव्हतं.

१ एप्रिल, मंगळवार
हे सांगलीहून आले. मी डब्यात पुरणपोळ्या दिल्या होत्या. डबा तसाच परत, तूप थिजलेलं. विचारलं, डॉक्टरांनी गोड बंद केलं का?

हे पायरीवर बसले. बूट काढले नाहीत. म्हणाले, "दारातनं माघारी गेलेल्या पोरानं कसं खावं ते?"

मी म्हटलं, आवं, ते तसलं काहीतरी होतं. दोनच हाका मारल्या. तिसरी मारली नाही.

"मंगल, भूत न्हाई त्ये. पोरगं हाय. व्हिसा संपत आला तवाच आलंय. माझ्या पलटणीतल्या दोस्ताचं हळदीचं अडत दुकान हाय सांगलीत, तितं काम करतंय, वजनं घेतंय, सौद्याच्या येळंला पोती फोडून हळद दाखवतंय. तुजा नवस ऐकून घराकडं तोंड करंना. मीच म्हटलं, आईला लय आठवण येती तुजी, जा. मी घरात नसताना जा, म्हंजे तिचं तिला बोलता यील."

मी विचारलं, गुडघा?

"धडधाकट हाय."

मग मी म्हटलं, पण तिसरी का नाही मारली? आई दार उघडत नाही म्हटल्यावर मारायची. त्याला ठाऊक आहे.

हे म्हणाले, "त्याला वाटलं, तुला कळलंय कोण आलंय त्ये. कळूनच उगडंनास."

२ एप्रिल, बुधवार
आज सांगलीला जाणार होते. साडीला इस्त्री नव्हती. मग गॅस संपला. मग राहीबाई आल्या. त्यांना म्हटलं, शिवतेजनं निर्यातीच्या धंद्यात लक्ष घातलंय, सांगलीची हळद जर्मनीला जाते ना. त्या म्हणाल्या, "बरं केलं पोरानं. मागं जरिना म्हणत हुती, दिसला म्हणून." एवढंच. हसल्या नाहीत. म्हणजे सगळ्यांना आधीच माहीत होतं आणि माझ्यासाठी गप्प होते. मला वाटत होतं मी सांभाळतेय.

देवापाशी बसून नवसाचा विचार केला. नोकरीचा कागद म्हटलं होतं, कुठली नोकरी ते म्हटलं नव्हतं. सिद्धनाथाला हळद चालते. भंडारा काय वेगळा असतो?

दुपारी बाराला फाटकाकडं बघितलं. कोणी नव्हतं. आता ते तसलंही कोणी येत नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

३ एप्रिल, गुरुवार
गुरुवारी दक्षिणेला जाऊ नये. सांगली दक्षिणेला. गेले.

कराडहून एसटी. स्टँडवरून यार्डापर्यंत शहर बस, रिक्षा परवडत नाही. सगळ्या रस्त्याला हळदीचा वास. शिंका आल्या. ह्यांनी सांगितलेली खोली दुकानाच्या मागच्या बाजूला. पत्र्याचं दार, बाहेर दोरीवर त्याचा शर्ट वाळत घातलेला. खिडकीत ती निळी सॅक. बंद फुटलेला, दोऱ्यानं शिवलेला. टाके वाईट. मी असते तर नीट घातले असते.

पदरानं घाम पुसला. हाक मारली. "शिवतेज."

आत काहीतरी हललं, मग गप्प झालं.

दुसरी मारली. तो आत उभा राहून मोजत असणार हे मला कळलं. मीच शिकवलेलं. त्या पत्र्यापुढं उभी असताना पहिल्यांदा वाटलं, की बाहेरच्यालाही भीती वाटत असते.

मग तिसरी मारली. यार्डातले हमाल वळून बघायला लागले इतक्या मोठ्यानं.

आतून म्हणाला, "आई, दार उगडंच हाय."