कावळ्याला दिलेला शब्द

१४ नोव्हेंबर
आज आईचं रक्षाविसर्जन झालं. आधी मुद्द्याचं लिहितो. मी परदेशी जाणार हे नक्की झालं आहे.

पंचगंगेवर नैवेद्य ठेवला, पण कावळा शिवेना. समोरच्या झाडावर बसून नुसता बघत होता. कुणीतरी म्हणालं, म्हशी विकणार नाही. शिवला नाही. ताई रडत म्हणाली, शिरोळहून येत राहीन, माहेर तोडणार नाही. नाही. मागून कुणीतरी म्हणालं, सम्राटचं लग्न लावून देतो. तेव्हा तर तो वरच्या फांदीवर गेला. शेवटी आबांचे धाकटे भाऊ पिराजीकाका पुढे झाले आणि हात जोडून ओरडले, "वैनी, वर्षाच्या आत सम्राट फॉरेनला जाणार. माझा शब्द हाय." कावळा थोडा थांबला, मग सरळ खाली उतरला आणि भाकरीला चोच मारली. सगळी पेठ साक्षीला होती.

आबा नेहमीसारखे बाजूला उभे होते, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत. म्हशींच्या धारेची वेळ झाली असावी.

आई शाळेत गेली नव्हती. पण कलाकारांच्या इंटरनॅशनल रेसिडेन्सीचं महत्त्व तिला घरात सगळ्यांत जास्त कळत होतं, हे आज सिद्ध झालं.

१८ नोव्हेंबर
लक्ष्य: फिनलंड. रेसिडेन्सी म्हणजे तळ्याकाठी लाकडी घर, तीन महिने, स्वतंत्र स्टुडिओ, विमानाचं तिकीट त्यांचं. इमर्जिंग आर्टिस्ट, क्युरेटर आणि संशोधक यांच्यासाठी. मी पहिल्या दोहोंत सहज बसतो. तिसऱ्यासाठी लायब्ररीचं कार्ड रिन्यू करावं लागेल.

याआधी जपान आणि मेक्सिकोने नकार दिला, पोर्तुगालने तर अर्ज गेल्यावर आठवड्याच्या आत. त्या देशांची तयारी नव्हती.

आबांनी विचारलं, इमर्जिंग म्हंजे काय. मी म्हटलं, उगवता. आबा बराच वेळ वैरण टाकत राहिले. मग म्हणाले, "एक्केचाळीस वर्सं झाली की. आमचा आडसाली ऊस बी दीड वर्षात तुटतोय." त्यांना कलेतलं कळत नाही. मी वर गच्चीवरच्या खोलीत, म्हणजे स्टुडिओत, निघून आलो.

२३ नोव्हेंबर
संकल्प. पहाटे पाचला उठणे. रोज एक चित्र. फ्लेक्सच्या दुकानातलं काम हळूहळू बंद करणे. तिथं वाढदिवसाचे बोर्ड डिझाईन करतो हे अर्जात लिहायचं नाही. 'सार्वजनिक अवकाशातील प्रतिमानिर्मिती' असं लिहायचं.

रात्रीचं जेवण सोडलं आहे. इंटरमिटेंट फास्टिंग. खाली स्वयंपाकघरात जाववत नाही असं काही नाही. दुपारचा डबा काकांकडून येतो, त्यात भागतं. चूल, गॅस सगळं बंदच आहे. तिथल्या बल्बखाली आईचा पाट तसाच आहे म्हणतात. मी बघितलेला नाही.

२ डिसेंबर
आज जे घडलं ते कुणाला सांगता येणार नाही.

मी रात्री जेवायला खाली यायचो नाही, म्हणून आई पहाटे भाकरी करून माझ्या दारात ठेवायची. ताटावर ताट आणि वर खलबत्त्यातला बत्ता, मांजरानं पाडू नये म्हणून. आज सकाळी दार उघडलं तर दारात ताट. वर ताट. वर बत्ता.

भाकरी एक. जाड, एका बाजूनं करपलेली. शेजारी मिरचीचा खर्डा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा.

आईची भाकरी पातळ आणि टम्म फुगलेली असायची. म्हणजे तिकडे परात मिळत नसावी, किंवा जाळ मोठा असावा. आबांना विचारण्यात अर्थ नाही. त्यांनी जन्मात कधी चहासुद्धा केलेला नाही.

खाल्ली नाही. खाल्ली असती तर संपली असती.

३ डिसेंबर
पहाटे पाच. खालून आवाज आला. थप, थप, थप. मी जागाच होतो. उठून बघायला जाणं सहज शक्य होतं. घाबरलो नाही, कलाकारानं गूढ जपायचं असतं. म्हणून पांघरूण डोक्यावरून घेतलं.

सकाळी ताट होतं. भाकरी आज तुटलेली, दोन तुकडे जोडून ठेवलेले.

११ डिसेंबर
सुचलं. फिनलंडला पाठवायचं काम हेच. भाकऱ्या वॉर्निश मारून भिंतीला लावायच्या, खाली तारीख. मृत आईनं पाठवलेलं रोजचं जेवण. जगात कुठल्याच आर्टिस्टकडे असं मटेरियल नाही. नाव: 'अनुपस्थितीचं अन्न'. ताईला इंग्रजी करायला सांगितलं. ती शाळेत इंग्रजी शिकवते. ती फोनवर म्हणाली, "सम्राट, भाकरी आधी खा की." मी म्हटलं, तुला कन्सेप्ट कळत नाही.

आबांच्या उजव्या हाताला फडकं बांधलंय. विचारलं. म्हणाले, गाडीचा सायलेन्सर लागला. गाडी गेले दोन महिने बंद आहे. म्हातारपणी माणूस विसरतो.

६ जानेवारी
भिंतीची एक बाजू भरली. मुंग्या आल्या. त्यांना मी प्रेक्षक मानतो.

भाकरीत सुधारणा आहे. आता करपत नाही, पण अजून गोल येत नाही. आई तिकडे रुळते आहे. ती गेली तेव्हा मी खाली नव्हतो, वर पोर्तुगालचा अर्ज भरत होतो. एवढंच. पुढचं लिहीत नाही.

१५ फेब्रुवारी
अर्ज गेला. दहा फोटो, एक साउंड क्लिप. पहाटेचा थप थप आवाज जिन्याच्या वरच्या पायरीवर मोबाईल ठेवून रेकॉर्ड केला. मोबाईल ठेवून लगेच आत आलो. कडी लावली. थंडी होती.

१ मार्च
दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला गेलो तर सगळे विचारतात, कधी निघालाय. मी म्हटलं, प्रोसेस चालू आहे. कट्ट्यावरचा बाळासो म्हणाला, "प्रोसेस कसली, कावळा शिवलाय न्हवं?" एक अनोळखी पाहुणे शेजारी होते, त्यांनीही हात मिळवला. म्हणाले, "पावणं, बर्फात जाताय तर कानाला बांधा." लोकांचा विश्वास बघून जबाबदारी वाटते.

२० एप्रिल
शॉर्टलिस्ट. मी शॉर्टलिस्ट झालो. तीनदा वाचलं. मे महिन्यात व्हिडिओ इंटरव्ह्यू.

पिराजीकाकांना सांगायला नको होतं. त्यांनी चौकात बोर्ड लावायची ऑर्डर दिली. ऑर्डर आमच्याच दुकानात आली. 'फिनलंड दौऱ्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मला वाटलं हे जरा घाईचं होतंय. पण डिझाईन कुणी दुसऱ्यानं केलं असतं तर बिघडवलं असतं, म्हणून मीच केलं. फोटोत गॉगल ठेवला. मागे बर्फ, विमान, आणि कोपऱ्यात आई. तिच्याभोवती ढग लावले. काकांनी सांगितलं, खाली आमचं सगळ्यांचं नाव टाक. टाकलं. आबांचं सांगितलं नव्हतं, तरी टाकलं.

आबा बोर्डासमोर उभे राहून बराच वेळ आईच्या फोटोकडे बघत होते. म्हणाले, "ढगात कशाला बसीवलीस तिला. गुडघं दुखायचं तिचं."

१३ मे
इंटरव्ह्यू झाला. अप्रतिम. पडद्यावर तीन माणसं, त्यातल्या एका बाईंनी फार बारीक ऐकलं होतं. त्यांनी विचारलं, हे सगळं कोण करतं. मी म्हटलं, माझी आई. मग म्हटलं, ती वारली आहे. त्या तिघांनी मान खाली घातली. परिणाम झालेला दिसला.

मग त्या बाईंनी विचारलं, क्लिपच्या शेवटी एक माणूस खोकतो, तो कोण. मी क्लिप शेवटपर्यंत ऐकली नव्हती. म्हटलं, म्हैस. त्यांनी लिहून घेतलं.

फोन बंद केल्यावर क्लिप ऐकली. खोकला आहे. म्हशीचाच असणार. दुसरं कोण पहाटे उठतं आमच्यात.

२६ जून
पावसाळी हवेनं भाकऱ्यांना बुरशी आली. हिरवी, मग काळी. याला मी काळाचा हस्तक्षेप म्हणतो. वास येतो हे खरं.

आज आबा पत्रा बघायला वर आले होते. मी दुकानात होतो. परत आलो तर ते भिंतीसमोर उभे. एका भाकरीला बोट लावून बघितलं आणि खाली गेले. कलेसमोर सामान्य माणूस गप्प होतो, हे पुस्तकात वाचलं होतं. आज पाहिलं.

२७ जून
आज ताटात दोन भाकऱ्या. पातळ. एक जवळजवळ गोल. चांगली होती म्हणून ती मधोमध लावली.

१९ ऑगस्ट
उत्तर नाही. युरोपात ऑगस्टमध्ये सगळे सुट्टीवर असतात.

चौकातला बोर्ड वाऱ्यानं एका बाजूनं सुटला. माझा चेहरा दुमडून उलटा झालाय, आई मात्र दिसते. येता-जाता तिच्याकडे बघायचं टाळतो. रात्री झोप लागत नाही. तिला शब्द दिलाय, माझ्या नावानं. नाही गेलो तर ती कुठं जाईल? वर्षाच्या आत म्हटलं होतं.

७ ऑक्टोबर
मेल आला. 'अर्जांची संख्या अभूतपूर्व होती' असं सुरुवातीला. पुढं वाचायची गरज नव्हती, तरी वाचलं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा असंही आहे. त्यांना पुढच्या वर्षाचं काय माहीत.

कुणाला सांगितलेलं नाही. काकांनी प्रवासासाठी लोकरीची टोपी आणून दिली. घेतली.

९ ऑक्टोबर
तोडगे शोधले. नेपाळ फॉरेन धरतात का? ताई म्हणाली धरतात, पण कावळ्याला काय सांगितलं होतं ते तू ठरव. श्रीलंकेचं तिकीट बघितलं. बंद केलं. सकाळचं ताट आत घेतलं पण भाकरीला हात लावायची लाज वाटली. तिनं रोज पाठवायचं, आणि मी हे करायचं.

२४ ऑक्टोबर
वर्षश्राद्ध तोंडावर आलं. पहाटे थप थप सुरू झाली आणि ठरवलं, आता खाली जायचं. आईच्या पाया पडायचं आणि सांगायचं की मला घेतलं नाही, तू माझ्यासाठी अडकून राहू नकोस. भीती वाटत होती. हे लिहितोच. लोकरीची टोपी घातली, का ते माहीत नाही.

स्वयंपाकघरात दिवा होता. आईच्या पाटावर आबा बसले होते. पुढं परात. मनगटापर्यंत पीठ. माझ्याकडं न बघता म्हणाले, "टोपी कशाला घातलीयास? कुठं निघालास?"

मी दारातच खाली बसलो. सगळं सांगितलं. नकार आला, आई अडकली, माझ्यामुळं कावळ्याला दिलेला शब्द मोडला.

आबांनी तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाले, "कशाला अडकतीया ती. पिराज्या वरडला तवा कावळा हलला बी नव्हता. मी हळूच तिला म्हटलं, बने, त्याची सकाळची भाकरी चुकू देनार न्हाय. मग उतरला. फॉरेनचं तिला काय करायचं हुतं?"

आबा पुढची भाकरी थापत राहिले. म्हणाले, "सुतक फिटल्यावर परात घेतली, सुरवातीला जमत न्हवतं. करपायची. तू खाईनास, भिताडाला ठोकाय लागलास. म्हटलं, खान्याजोगी न्हाई म्हणूनच लावतोय. म्हणून रोज जरा पातळ करत आलोय. आता बरी येतीया न्हवं?"

२५ ऑक्टोबर
काल लिहायचं राहिलं. ती भाकरी तिथंच बसून खाल्ली. मीठ कमी होतं. सांगितलं नाही. दुसरी मागितली.

भिंतीवरच्या सगळ्या काढून पोत्यात भरल्या. वॉर्निशमुळे म्हशींना घालता येत नाहीत. आबांनी चौकातला बोर्ड उतरवून आणला आणि गोठ्यावर बांधला. आईचा भाग त्यांनी आधीच कापून घेतला होता. म्हशी आता माझ्या गॉगलखाली बसतात.

३ नोव्हेंबर
वर्षश्राद्ध. भाकरी आबांनीच केली. कावळा वाट न बघता उतरला. पिराजीकाका सगळ्यांना म्हणाले, "बघा, पुढच्या वर्षी जातोयच." नॉर्वेची मुदत डिसेंबरात आहे, ते फक्त इथं लिहून ठेवतो.

४ नोव्हेंबर
पहाटे पाचला उठलो. वर्षभराच्या संकल्पांपैकी पहिला पाळला गेला. आबांना खोकला होता, म्हणून परात मी पुढं ओढली. पीठ हाताला चिकटलं, भाकरी उचलताना फाटली, तव्यावर पडली ती एका बाजूनं करपली.

आबांनी बघितलं. म्हणाले, "असूं दे. उगवतंय."

त्यांनी ती भिंतीला लावली नाही. खाल्ली.