फक्त दोन वायरी

रविवार, ४ फेब्रुवारी. सकाळ.
संकल्प: ही रोजनिशी फक्त कामाची. रडगाणं नाही, कुणाच्या तक्रारी नाहीत. जे केलं तेवढंच लिहायचं.
टेबल तयार! शेडमध्ये पुरतं मावत नाही, दार उघडंच ठेवावं लागतं, पण भव्य दिसतं. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, बटण दाबायचं, की टेबलावरचा सांगाडा त्या चित्राबरहुकूम फिरतो. तूर्त त्याला पेन बांधून बघितलं. गोल काढला. जरा अंड्यासारखा आला, पण दोन्ही टोकं जुळली. आता पेन काढून प्लाझ्मा कटरचा टॉर्च बसवायचा, म्हणजे विजेच्या झोतानं लोखंडी पत्रा कापला जाईल. दोन्ही यंत्रं माझ्याकडे आहेत. एकमेकांना जोडायला फक्त दोन वायरी.
पहिलं काम ठरलेलं: जिन्याचा कठडा. आम्ही वरच्या मजल्यावर, जिना बाहेरून. कठडा जरासा हलतो, असं सासूबाई मागे सहज बोलल्या होत्या. म्हटलं, आता बघाच. वेल, पानं, पाखरं, सगळं पत्र्यात कापलेलं. जुना कठडा काढूनही टाकला. त्याचे दोन लांब पाइप इतके सरळ निघाले की टेबलाचे रूळ म्हणून तेच बसवले आणि वरच्या पाइपावर मापाची पट्टी चिकटवली. याला म्हणतात काटकसर. जिन्याच्या खांबांना सध्या नायलॉनची दोरी बांधली आहे. आठवड्याचा तर प्रश्न.

मंगळवार, ६ फेब्रुवारी. संध्याकाळ.
ऑफिसातून आलो तो थेट शेडमध्ये. वायरी जोडल्या. मध्ये एक रिले, म्हणजे कॉम्प्युटरच्या इशाऱ्यावर टॉर्चचं बटण दाबणारा छोटा स्विच. काम अर्ध्या तासाचं.
कॉम्प्युटर सुरू केला. अजून काही इशारा दिलाच नव्हता, तरी टॉर्च आपणहून पेटला. खाली बादली होती. आता नाही.
बादली तिथे ठेवलीच कुणी, असं मी जरा आवाज चढवून विचारलं. तुम्हीच, असं बायको म्हणाली. बायकोला मुद्द्यावर राहून बोलताच येत नाही.
यापुढे आधी कॉम्प्युटर, मग कटर. हा नियम मी स्वतः शोधला.

रविवार, ११ फेब्रुवारी
टॉर्च पेटला की कॉम्प्युटर गोठतो. कधी पडद्यावरचा बाण एकटाच पळत सुटतो, कधी सांगाडा एका कोपऱ्यात जाऊन थरथरत उभा राहतो. विचार केला. कारण सापडलं: घरातली वीज अस्वच्छ आहे. वॉशिंग मशीन, मिक्सर, फ्रिज, सगळे मिळून लाइनीत कचरा टाकतात.
फर्मान काढलं. माझं कटिंग चालू असताना घरात काहीही चालू नको. बायकोनं कपडे हातानं धुतले. दूध नासलं. सासूबाईंचा पंखाही बंद. त्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसल्या होत्या. जावईबापूंचं काम होऊ दे, असं म्हणाल्या. या घरात मला समजून घेणारं एकच माणूस आहे.
कॉम्प्युटर तरीही गोठला. शेजाऱ्यांकडे बघावं लागणार.

मंगळवार, १३ फेब्रुवारी
इंटरनेटवर छंदी लोकांचा एक ग्रुप आहे, तिथे प्रश्न टाकला. सगळ्यांचा एकच उलट प्रश्न: अर्थिंग नीट आहे का?
मी काय दूधखुळा आहे? कटरचा अर्थिंगचा चिमटा मी पहिल्याच दिवशी लावलाय, आणि तोही टेबलाच्या सगळ्यात भक्कम भागाला, कठड्याच्या त्या पाइपाला. मी स्वतः त्याला ऑइल पेंटचे तीन हात दिलेले आहेत.
ग्रुप सोडला.

रविवार, १८ फेब्रुवारी. दुपार.
चिमटा वारंवार काढून-लावून पाइपाचा रंग खरवडला गेला आणि आतलं लोखंड दिसायला लागलं. फार वाईट वाटलं. नेमकं तेव्हापासून कॉम्प्युटर गोठायचा थांबला. रंगातून वीज जात नाही, हे माझ्या लक्षात आलं. ग्रुपवर कुणालाच हे सुचलं नव्हतं.
पाखरं कापली! पहिलीवहिली! सगळी एकसारखी, सुबक. फक्त डोकी नाहीत. टॉर्चचा झोत धरायला क्षणभर लागतो, पण सांगाडा तेवढं थांबत नाही, लगेच पळतो. चित्राची सुरुवात चोचीपासून. त्यामुळे मानेपर्यंतचा भाग कापायचा राहून जातो, आणि हातानं पाखरू सुटं करताना तो पत्र्यातच राहतो.
बायकोला नेऊन दाखवलं. तिनं विचारलं, या सुरया आहेत का. म्हटलं, ही आधुनिक शैली.
शिंपीणकाकू, म्हणजे समोरच्या, सासूबाईंच्या मैत्रीण, फाटकाशी आल्या होत्या. आज रविवार, म्हणजे सासूबाई खाली येणार नाहीत ना, असं मला विचारत होत्या. रविवारचा काय संबंध? या बाईंचं बोलणं नेहमीच असं तिरपं. एक पाखरू घेऊन गेल्या. कापडावर वजन म्हणून छान बसेल, म्हणाल्या. टॉर्चचा पहिला ग्राहक.

रविवार, २५ फेब्रुवारी
डोक्यांचा उपाय कळला. झोत धरला की कटर उलटा निरोप देतो, आणि तो मिळेपर्यंत सांगाड्यानं जागचं हलायचं नाही. त्यासाठी आणखी फक्त दोन वायरी.
आज त्या लावणार होतो. पण वेलीची पानं मनासारखी दिसत नव्हती, म्हणून आधी डिझाइन बदललं. घाईचं काम मला आवडत नाही. जन्मभर डोळ्यांसमोर राहणारी वस्तू आहे.
दोरी जरा सैल झालीय. ओढून बांधायची.

रविवार, ३ मार्च
दोरी बांधायची राहिली. ऑफिसात वर्षअखेर, साहेब डोक्यावर.
एक गोष्ट ध्यानात आलीय. पूर्वी सासूबाई रोज सकाळी खाली उतरून फाटकाजवळच्या बाकावर शिंपीणकाकूंबरोबर बसायच्या, दोघी तास-तास हसायच्या. आता मी घरी असतो तेव्हा त्या खिडकीतच. बायकोला समजावून सांगितलं की वयानुसार माणूस अंतर्मुख होतं, बाहेरची ओढ कमी होते, त्यात काळजीचं काही नाही. ती उठून आत गेली. पटलं असावं.

गुरुवार, ७ मार्च. सकाळ.
आज गुपचूप रजा टाकली. नेहमीसारखा डबा घेऊन निघालो, कोपऱ्यावरून वळून मागच्या बाजूनं शेडमध्ये आलो. शांतपणे त्या दोन वायरी लावायच्या आणि संध्याकाळी सगळ्यांना डोकंवालं पाखरू दाखवायचं.
शेडच्या उघड्या दारातून जिना दिसतो.
सासूबाई बाहेर आल्या. पायरीवर एक घडी केलेलं पोतं ठेवलं. त्यावर बसल्या. मग दोन्ही हात टेकून खालच्या पायरीवर घसरल्या. पोतं ओढून घेतलं. पुन्हा बसल्या. पुन्हा घसरल्या. दोरीला हातसुद्धा लावला नाही. मध्ये एकदा थांबून त्यांनी पदरानं तोंड पुसलं. बायको पुढे, पाठमोरी, एकेक पायरी उतरत होती, आईच्या पायांवर हात ठेवून.
लहान मूल जिना उतरतं, तसं.
खाली आल्यावर बायकोनं त्यांचं लुगडं झटकलं आणि दोघी बाकाकडे गेल्या. हे त्यांचं रोजचं असणार. दोघींच्याही हालचालीत सराव होता.
तेवढ्यात माझ्या हातून पाना पडला. सासूबाईंनी वळून बघितलं. मी दिसलो. त्याच ओशाळल्या. म्हणाल्या, अहो, तुम्ही होय. चालू द्या तुमचं. मला असंच बरं पडतं.
वायरी लावल्या नाहीत. डबा शेडमध्येच बसून खाल्ला.

शनिवार, ९ मार्च
लाज वाटते. दुसरा शब्द नाही.
बायकोला विचारलं, मला सांगितलं का नाही. आईनं शपथ घातली होती, म्हणाली. जावईबापू एवढ्या हौसेनं करताहेत, आपण असं उतरतो हे कळलं तर त्यांना खाली बघावं लागेल, म्हणून मी घरात असताना उतरायचंच नाही, असं सासूबाईंनी ठरवलं होतं. मी मागे अंतर्मुख होण्याबद्दल बोललो, तेव्हा बायको बाथरूममध्ये जाऊन रडली होती. हेही आज कळलं.
ठरवलं. उद्या काय वाटेल ते होवो, कठडा कापून लावायचाच. पानं रद्द, वेल रद्द, नुसती पाखरं. फक्त दोन वायरी राहिल्यात.
जुने पाइप परत लावले असते, पण मग टेबल मोडावं लागेल आणि नवा कठडा कधीच होणार नाही. उगाच भावनेच्या भरात निर्णय नको.

रविवार, १० मार्च. दुपार.
वायरी लावल्या. कटरच्या आत निरोपाच्या वायरींची एक जोडी आहे. तिच्याच शेजारी झोताच्या पूर्ण दाबाच्या विजेची आणखी एक जोडी आहे. दिसायला सारखीच. चिठ्ठी नव्हती. म्हणजे होती, आतल्या बाजूला.
बटण दाबलं. झोत धरला, सांगाडा थांबला, अगदी हवा तसा. मग कंट्रोल बोर्डातून धूर आला. बोर्ड काळा पडला. कॉम्प्युटरही गेला. सांगाडा अजून थांबलेलाच आहे.
बाहेर आलो तर बायको मोठा पाना घेऊन दारात. टेबलाखाली वाकून रुळांचे बोल्ट सोडवायला लागली. मी म्हटलं, नवा बोर्ड मागवतो, फक्त पुढच्या रविवारपर्यंत थांब. हे वाक्य माझ्या तोंडातून निघालं. माझ्याच. आणि नेमका तेव्हाच वर खिडकीत पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. सासूबाईंनी धूर बघितला असणार, आता पंखा लावायला हरकत नाही हे त्यांना कळलं असणार.
दुसरा पाना घेतला आणि दुसऱ्या टोकाचा बोल्ट सोडवायला बसलो. रूळ निघाल्यावर टेबल एका अंगावर बसलं.
पाइप खांबांना लावले. चढवताना बायकोनं वरच्या खांबाचा एक बोल्ट दाखवला. जुना, सैल. तिनं दोन वेढे आवळला आणि कठडा हलवून बघितला. हलेना. मुळात एवढंच होतं.

रविवार, १७ मार्च. सकाळ.
शेडचं दार आता पूर्ण लागतं.
संकल्प: दोन महिने काहीही जोडायचं नाही.
आज मी घरात असताना सासूबाई पहिल्यांदा जिना उतरल्या. उभ्यानं, हात पाइपावर. मी खाली झाडू मारण्याचं निमित्त करून थांबलो होतो. माझी मापाची पट्टी अजून पाइपावर तशीच आहे, शून्य वरच्या टोकाला. खरवडूनही निघत नाही. गोंद मी चांगल्यातला वापरला होता.
खाली आल्यावर त्या माझ्याजवळ थांबल्या. म्हणाल्या, जावईबापू, ती आकड्यांची पट्टी लावलीत ते फार चांगलं केलंत. चढताना किती राहिलं ते कळतं. आधी ऐंशीला दम लागायचा, आता साठपर्यंत येते. माझ्यासारखीचा विचार कुणी एवढा करत नाही. शिंपीणकाकूही बाकावरून मान डोलवत होत्या.
बायको वर गॅलरीत उभी होती. खाली माझ्याकडेच बघत होती.
मी म्हटलं, हो, मुद्दामच लावली.