विरोधात दोन हात

सोमवार, संध्याकाळ

आज विद्यापीठाच्या बैठकीत आमचा संगीत विभाग बंद करायचं ठरलं. कुलसचिव गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, आपली सोय ग्रंथालयात करू."

"माझी राहू द्या, तानपुऱ्यांची करा," मी म्हटलं. कोणी हसलं नाही. इतका गोड आवाज कशासाठी लावतात?

मी विरोधात हात वर केला. मग गणिताच्या लेले सरांनीही केला. आमच्या एकाही मैफलीला न आलेला माणूस!

बाहेर विचारलं, "सर, तुम्ही कसे?"

"अहो, शेजारच्या वर्गात तुमचा रियाज चालतो. वर्षानुवर्षं तक्रार करतोय." मग म्हणाले, "आता इतक्या शांततेत शिकवणं जमणार नाही मला."

ठराव मंजूर झालाच. विभागाला उद्यापासून कुलूप. सरांनी रोज सकाळसाठी त्यांचा वर्ग देऊ केलाय. विद्यार्थ्यांना तिथेच बोलावलंय.