बडोद्याचा हुकूमनामा बँकॉकमध्ये

नाना, बँकॉकहून परत येऊन आठवडा झाला, तरी मी अजून सुन्नच आहे. ज्या वाक्याचा तुम्हाला आयुष्यभर अभिमान होता, त्याची तिथे माझ्या डोळ्यांदेखत वाट लागली. हे दुसऱ्या कोणाला सांगू?

अजून डोळ्यांपुढे आहे, बडोद्यात कारेलीबागच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही करार सांगताय आणि मी ओट्याशी बसून लिहून घेतेय. आई फोडणी देता देता करवादतेय, "अहो, कोर्ट कोर्टातच ठेवून येत जा ना!" मकरपुऱ्याच्या पंपवाल्या भाईंचा थाई कंपनीशी झालेला करारही तिथलाच. भाईंनी स्वतः घडवलेले साचे तिकडे न्यायचे, त्यांनी त्यावर पंप ओतायचे, करार संपला की साचे परत. मसुद्यात कोणीतरी लवादाचं कलम घातलं होतं. तुम्ही ते लाल पेन्सिलीने खोडलंत. "लवाद म्हणजे चहा-फाफड्याची बैठक! लिही, वाद झाल्यास फक्त बडोद्याच्या कोर्टात." मी काही विचारायला तोंड उघडलं, तर म्हणालात, "वकील कोण, तू की मी?" मी तेव्हा कॉलेजात होते. मुकाट्याने लिहिलं.

आता भाईही नाहीत. कारखाना त्यांची मुलगी चालवते. कराराची मुदत वाढत वाढत अखेर संपली आणि त्या कंपनीने साचे द्यायला साफ नकार दिला. इथले साचे झिजून गेलेले, तसे पुन्हा घडवणारे भाई राहिले नाहीत. साचे आले नाहीत तर भट्टी बंद, माणसं घरी. तिची वकील म्हणून मी बडोद्यात दावा लावला. कंपनीवाले भांडले, हरले. हुकूमनामा हातात आला तेव्हा मी हवेत होते, नाना. म्हटलं, आता काय, जायचं आणि साचे उचलून आणायचे.

कप्पाळ माझं! तिथली वकीलबाई माझ्याच वयाची, अगदी शांत. हुकूमनामा वाचून म्हणाली, "हा पुराव्यात लावता येईल. बजावता नाही येणार. परदेशी कोर्टाचा निकाल इथे बजावत नाहीत, दावा नव्याने करावा लागेल." मला वाटलं, दुभाष्याने घोळ घातला. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. वर म्हणाली, "लवादाचा निवाडा असता तर बजावून मिळाला असता." लवादाचा! नाना, एसीत बसून मला घाम फुटला.

तिथे नवा दावा लावला. कागद न् कागद थाईत करून घेतला, तुमचं वाक्यसुद्धा. तारखेला कोर्टात मी सवयीने पायावर पाय टाकून बसले, तर शिपायाने खुणेने पाय खाली घ्यायला लावला. तो कोर्टाचा अवमान म्हणे. न्यायाधीशांनी साक्षीपुरावे सुरू होण्याआधीच सौम्यपणे विचारलं, समेटाचं बघता का? शेजारच्या खोलीत एक वयस्कर मध्यस्थ बसले होते. त्यांनी आधी सगळ्यांना पाणी दिलं, मग दोन्ही बाजूंना वेगवेगळं बसवून ऐकून घेतलं. आवाज कोणाचाच चढला नाही. तुम्ही असतात तर टेबलावर मूठ आपटली असती.

माझ्याबरोबर आलेल्या भाईंच्या मुलीने एवढंच विचारलं, "लढलो तर किती दिवस? वर अपील?" उत्तर वर्षांच्या हिशोबात आलं. इतके दिवस भट्टी थंड ठेवणं तिला झेपणारं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं, मोठ्या पंपाचे साचे परत, लहान पंपाचे कायमचे त्यांचे. भाईंनी पहिल्यांदा घडवलेले ते लहानच. तिने सही केली. त्या समेटावर कोर्टाने तिथल्या तिथे निकाल दिला. तो मात्र लगेच बजावता येतो!

बाहेर पायऱ्यांवर तिने जुना करार उघडला आणि तुमच्या वाक्यावर बोट ठेवलं. "बेन, आ लीटी कोणे लखी हती? ही ओळ नानांनी तर नाही ना लिहिली? पप्पा म्हणायचे, नानांचा कागद म्हणजे दगडावरची रेघ."

मी म्हटलं, "मी लिहिली."

तिने करार मिटून माझ्या हातात ठेवला. अजून तिचा फोन आलेला नाही, आणि येईल असं वाटतही नाही. तुमचं नाव राखलं याचं मला काही वाटत नाही, ते मी पुन्हाही करीन. पण एक गोष्ट आहे, हे पत्र तुम्हाला मिळणार असतं तर ती मी लिहिलीच नसती. त्या पायऱ्यांवर उभी असताना, तुम्ही आता नाही आहात, याचं मला बरं वाटलं.