पत्र्यावरचं पाणमांजर

दि. ११ मार्च

चि. छोट्या,

अनेक आशीर्वाद. हात सवयीने लिहून गेला, आता खोडत नाही.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे. तुझ्या कंपनीचा पुष्पगुच्छ पोचला. मी घरी असते तर दारातूनच परत पाठवला असता, पण तो आईच्या हाती पडला आणि तिने कौतुकाने टेबलावर मांडला. वर्तमानपत्रातला फोटो ती शेजारीपाजारी दाखवत फिरते. म्हणते, ‘चित्रं ताईची, कल्पना छोट्याची.’

कुंपणावरच्या चित्रांच्या उद्घाटनाला का आले नाही, असं तू फोनवर विचारलंस. मी ताप आला होता म्हणाले. ताप वगैरे काही नव्हता.

काम घेऊन आलास तेव्हा मला किती आनंद झाला होता! आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवण्यात चाललंय आणि माझा भाऊ म्हणतोय, ‘ताई, तळ्याभोवती पत्र्याचं कुंपण घालतोय. त्यावर आपल्या तळ्यातले प्राणी काढ. इथे कोण राहतं, कोण संपत चाललंय, कळू दे लोकांना.’ आपल्या तळ्यातले म्हणालास, तिथेच मी विरघळले. मला वाटलं, कुंपण कचरा टाकणाऱ्यांना अडवायला असेल. घरं बांधून विकणारी कंपनी पाणमांजरांसाठी कुंपण कशाला घालेल, हा प्रश्न मला पडलाच नाही. तू सांगत होतास ना.

वळ्यावळ्यांच्या पत्र्यावर चित्र काढणं म्हणजे डोक्याला ताप. समोरून जमलं तर बाजूने प्राण्याची कंबर मोडलेली दिसते. एक आजोबा रोज फिरायला यायचे आणि रोज विचारायचे, “हे मुंगूस का हो?” मी सांगायचे, “नाही हो आजोबा, पाणमांजर. इथेच पलीकडे राहतं.” पुढे पुढे तेच येणाऱ्याजाणाऱ्यांना थांबवून सांगायला लागले. म्हणजे झाली बघ जनजागृती. तुझ्या भाषणात हे घालायचं राहून गेलं. पत्र्यामागून डंपरचे आवाज यायचे, ते मला पलीकडच्या रस्त्याच्या कामाचे वाटायचे.

शेवटच्या चित्रात पंजा अडला. बोटांमधला पडदा चालताना कसा मिटतो, ते काही केल्या आठवेना. तुला माहीत आहे, मी बघितल्याशिवाय काढत नाही. मुकादमाला म्हटलं, “एक पत्रा जरा सरकवा, मला पाणमांजर बघायचंय.” तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही.

“आता काय बघणार, ताई?” म्हणाला आणि पत्रा बाजूला केला.

पलीकडे सगळी माती. मधोमध गढूळ पाण्याचं डबकं तेवढं उरलेलं. काठावरच्या त्या वाकड्या झाडाच्या मुळांत त्यांचं बीळ होतं, नेमका तिथेच डंपर रिकामा होत होता. मी विचारलं, “आणि आतली पिल्लं?”

“आम्ही सांगितलं होतं वरती,” तो म्हणाला. “साहेब म्हणाले, आधी पत्रे लावा, बाईंची चित्रं सुरू होऊ देत, मग माती टाका. लोक चित्रं बघत राहतील.”

कोण साहेब, ते मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं.

मी परत अलीकडे आले आणि पंजा अंदाजाने पुरा केला. आजोबा शेजारी उभे होते, त्यांच्यासमोर ब्रश फेकता आला नाही. पंजा चुकलाय. पण कुणाला कळणार? ताडून बघायला मागे काही शिल्लकच नाही.

तुला माहीत नव्हतं, असं मात्र म्हणू नकोस. शाळा सुटली की आई आपल्याला त्या काठावर घेऊन बसायची. बिळाचं तोंड मला तूच दाखवलंस. पाणमांजरांची नुसती शीळ ऐकून ‘पिल्लं आली!’ म्हणणारा तूच होतास. ‘मी नसतो तर दुसऱ्या कुणी हे केलंच असतं,’ असं म्हणशील. केलं असतं रे. पण त्या दुसऱ्याने चित्रं काढायला मला बोलावलं नसतं.

एवढं सगळं लिहिलं, पण ज्यासाठी लिहायला बसले ते अजून राहिलंच आहे. आईने चांगले कपडे बाहेर काढून ठेवलेत. म्हणते, “गुडघा साथ देतोय तोवर मला ने गं. तुझी चित्रं बघू, मग आत जाऊन काठावर जरा बसू. पिल्लं बाहेर यायला लागली असतील आता.” मी कामाचं निमित्त सांगते. ती रोज विचारते.

मी तिला नेणार नाही. तिच्याशी खोटं बोलणं मला जमत नाही आणि खरं तोंडातून निघत नाही. तू ये. तिचा हात धरून ने, पत्रा सरकवायला सांग, मुकादम तुझं ऐकतो. आणि ती ‘पिल्लं कुठायत रे छोट्या?’ असं विचारेल, तेव्हा उत्तर तू दे.

तिला दारापर्यंत आणून सोड. चहाला थांबू नकोस.

तोपर्यंत तरी तुझीच,
ताई