सीएनसी लेथ सूनबाईंच्या नावे

मी, आश्रुबा लिंबाजी थावरे, वय चौऱ्याहत्तर, धंदा टर्नर, राहणार माजलगाव, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझ्या डाव्या हाताला कंप आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहूनही घेतलेलं नाही.

१. राहतं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. ते पत्नी सारजाबाई हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. पुढे मुलगा शिवशंकर आणि मुलगी वर्षाराणी यांनी निम्मं निम्मं घ्यावं. सारजाबाईची खोली बदलू नये. तिला सकाळचं ऊन लागतं.

२. बँकेतली शिल्लक सारजाबाईची. धारूरकडची जमीन वडिलोपार्जित असल्याने तिच्यात कायद्याने ज्याचा वाटा त्याचा.

३. सीएनसी लेथ, शेड आणि सर्व हत्यारं सून स्वप्ना शिवशंकर थावरे हिला एकटीला देतो. कारण लिहितो, म्हणजे मागून कोणी कुजबुजू नये.

ऑपरेटर चाकणला निघून गेला आणि मशीन बंद पडलं. शिवशंकरचं मन त्याच्या मोबाईलच्या दुकानात; त्याने गिऱ्हाईक आणलं, माझे मावसभाऊ बबनराव. सौदा ठरत आला असताना स्वप्ना म्हणाली, "मामा, आधी मला शिकवा. न्हाई जमलं तर इका." मी शिकवलं.

गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या पंपाचा शाफ्ट आला. टोकाला आटे पाडायचे होते. तिने प्रोग्रॅम लावला, आटे पडले. पण तपासायचं गेज पहिल्याच आट्यावर अडलं. बबनराव तिथेच बसलेले. म्हणाले, "झालं का समाधान?" शिवशंकर ओशाळला. "काढ बाहेर, दुसरीकडून करून घेऊ," म्हणत शाफ्ट पकडून ठेवणारा चक सोडवायला पुढे झाला.

"हात लावू नका!" स्वप्ना ओरडली.

या घरात तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चढला. आणि ती बरोबर होती. शाफ्ट चकातून एकदा सुटला की आट्याची सुरुवात पुन्हा जुळवणं महाकठीण. तिने टूल केसभर आत घेतलं, तोच प्रोग्रॅम परत चालवला, टोकाची कोर मारली, कडेला राहिलेला धातूचा बर काढला, ब्रशने आटे साफ केले. गेज फिरत फिरत शेवटपर्यंत गेलं. मी शिवशंकरकडं पाहिलं, तर तो हसत होता.

घरी सारजाबाईने विचारलं, "सून नवऱ्यावर वरडली म्हणं?"

"व्हय. अन् बरोबर वरडली."

सौदा तिथेच मोडला.

४. बबनरावांनी नंतर गावभर सांगितलं की आमच्याकडे आता आट्यांना बांगड्या भरतात. त्यांना माझं एक जुनं नो-गो गेज द्यावं. जिथे शिरू नये तिथे न शिरणं, हा त्या गेजचा गुण आहे. राग नाही, जवळ असावं एवढंच.

५. जुना हाती लेथ भंगारात द्यावा. त्याची पूजा मांडू नये. त्याने माझं एक नख खाल्लेलं आहे.

६. हंगामात गेलो तर तिसऱ्या दिवशी शेड उघडावी. उसाच्या गाड्या माझ्यासाठी थांबत नसतात.

७. हे सर्व शिवशंकरला वाचून दाखवलं. मला वाटलं, चिडेल. तो म्हणाला, "अण्णा, मंग पाटी बदलावी लागंल."

"कावून?"

"मशीन तिचं अन् नाव तुमचं, असं कसं चालंल?"

त्यामुळे पाटीचं हे एक कलम मरणाची वाट न पाहता आजच अमलात आणतो. रंगारी दुपारी येणार आहे. 'स्वप्ना इंजिनिअरिंग वर्क्स', ठळक अक्षरात. मला खुर्ची टाकून समोर बसायचं आहे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्याच मनातला आहे, म्हणून खाली दोघांसमक्ष सही करतो.

(सही) आश्रुबा लिंबाजी थावरे

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिलं आणि माझ्यासमोर सह्या केल्या:
१. अभिमन्यू शेंडगे, शेजारचे वेल्डिंगवाले (सही)
२. केसरबाई गवळी, समोरचं चहाचं हॉटेल (सही)

स्थळ: माजलगाव
दिनांक: १८ जानेवारी २०२५